चिपी ते मोपा आकाशात ४६ किलोमीटर, मग कोकणचं विमान अडलं कुठे?

कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या कोकणी माणसाच्या मोबाईलमध्ये गणपतीच्या दोन-तीन महिने आधी एक प्रश्न हमखास येतो. रेल्वेचं आरक्षण उघडलेलं असतं, मिनिटांत वेटिंग लागलेलं असतं, आणि गावच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, ''अरे, चिपीचं विमान चालू आहे का?''

त्यावर तिघांची तीन उत्तरं येतात. एक म्हणतो, बंद झालं. दुसरा म्हणतो, पुण्याहून मिळतं. तिसरा सांगतो, ''चिपीचं सोड, मोपाचं तिकीट काढ. तिथून गाव काय लांब आहे?''

तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात व्यवहारी आहे. सिंधुदुर्गातलं चिपी आणि गोव्यातलं मोपा हे दोन विमानतळ एकमेकांपासून किती लांब आहेत, हा प्रश्न वरवर भूगोलाचा वाटतो. पण मुंबई-चिपी विमान का थांबलं याचं बरंचसं उत्तर याच अंतरात आहे. आणि हा हिशेब एकदा कळला की नाशिकचं ओझर, शिर्डी, नेवाळीची जुनी धावपट्टी आणि नवी मुंबईचा नवा विमानतळ, या सगळ्यांच्या बातम्या वेगळ्या नजरेने वाचता येतात.

मोबाईलवर दिसणारं 'अंतर' नेमकं कोणतं?

दोन विमानतळांमधलं अंतर शोधलं तर बहुतेक वेळा दोन आकडे समोर येतात. एक हवाई अंतर आणि दुसरं रस्त्याचं.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत ताणलेली सर्वांत लहान रेषा. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले की ती मोजता येते. विमान वाहतुकीत हे अंतर सागरी मैलात सांगतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

या रेषेवर ना डोंगर असतो, ना खाडी, ना टोलनाका. प्रत्यक्षात विमानही अगदी त्या रेषेवरून उडत नाही. धावपट्टीची दिशा, वाऱ्याची दिशा आणि नियंत्रण कक्षाने दिलेला मार्ग यामुळे ते थोडं वळून जातं. मुंबईसारख्या गर्दीच्या ठिकाणी उतरण्याआधी आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात. म्हणजे हवाई अंतर हा कमीत कमी आकडा. प्रत्यक्ष उड्डाण त्याहून थोडं जास्तच भरतं.

रस्त्याचं अंतर मात्र जमिनीच्या मर्जीवर चालतं. सपाट मुलखात ते हवाई अंतरापेक्षा थोडंच जास्त असतं. घाट, नद्या आणि खाड्या आल्या की ते फुगत जातं.

चिपी आणि मोपा यांच्यात रस्ता इतका का वाढतो?

चिपीचा विमानतळ वेंगुर्ला तालुक्यात, परुळे-चिपीच्या पठारावर आहे. मोपा उत्तर गोव्यात, पेडणे तालुक्यात आहे. अक्षांश-रेखांशावरून हिशेब केला तर दोघांमधलं हवाई अंतर साधारण ४६ किलोमीटर येतं. कल्याणहून मुंबईचा विमानतळ रस्त्याने जितका लांब, जवळपास तितकंच.

रस्त्याने मात्र हेच अंतर, तुम्ही कोणत्या वाटेने जाता त्यावर, साधारण ७० ते ८० किलोमीटर होतं. एक वाट चिपीहून आत कुडाळला येऊन मुंबई-गोवा महामार्गाने झाराप, बांदा, पत्रादेवी अशी जाते. दुसरी वेंगुर्ल्यावरून सावंतवाडीला येते आणि पुढे गोव्यात उतरते. सरळ रेषेत जायचं तर मध्ये पठारं आहेत, लहान-मोठ्या नद्या आहेत, आणि शेवटी गोव्याच्या सीमेवर तेरेखोल नदी आहे. पूल जिथे आहे तिथेच रस्त्याला जावं लागतं. त्यामुळे सरळ ४६ किलोमीटरसाठी गाडी दीडपट किंवा त्याहून जास्त पळते आणि दीड-दोन तास सहज जातात.

मग या दोन विमानतळांमध्ये विमानच का नाही, असं कुणी गंमतीने विचारेल. कोकणात येणारं एटीआर जातीचं, सत्तरेक आसनांचं विमान ताशी साधारण ५०० किलोमीटर वेगाने जातं. ४६ किलोमीटर म्हणजे कागदावर सहा मिनिटं. पण पुरेशा उंचीवर पोहोचायच्या आधीच त्याला खाली यायला लागेल. इंधन सगळ्यात जास्त उड्डाण घेतानाच जळतं. त्यामुळे असा प्रवास कुणालाच परवडणार नाही. तेव्हा हे दोन विमानतळ एकमेकांशी जोडले जाणार नव्हतेच. त्यांची स्पर्धाच होणार होती.

चिपीचं विमान कधी सुरू झालं, कधी थांबलं?

बरीच वर्षं रखडल्यानंतर चिपी विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झालं. केंद्रीय हवाई वाहतूक मंत्री ज्योतिरादित्य शिंदे, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे त्या कार्यक्रमात होते. ठाकरे आणि राणे एकाच व्यासपीठावर आले याचीच तेव्हा जास्त चर्चा झाली. त्याच दिवसापासून अलायन्स एअरची मुंबई-सिंधुदुर्ग सेवा केंद्राच्या 'उडान' योजनेखाली सुरू झाली. सवलतीतल्या तिकिटाची किंमत अडीच हजारांच्या घरात होती.

त्यानंतर चौदा महिन्यांनी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मोपा विमानतळाचं उद्घाटन केलं. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमानं सुटू लागली. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची, मोपाची साडेतीन किलोमीटरची. चिपीला एक छोटं विमान यायचं आणि परत जायचं. मोपाला देशातल्या मोठ्या शहरांहून मोठी विमानं, तीही वेगवेगळ्या कंपन्यांची, दिवसभर येऊ लागली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये उडानची तीन वर्षांची मुदत संपली आणि अलायन्स एअरची मुंबई-चिपी सेवा थांबली. त्याच वर्षी फ्लाय९१ या गोव्यातून चालणाऱ्या कंपनीने पुणे, हैदराबाद आणि बेंगळुरूशी चिपीला जोडलं, त्यामुळे विमानतळाला टाळं लागलं नाही. पण चाकरमानी ज्या वाटेकडे डोळे लावून बसले होते ती मुंबईची वाटच तुटली.

उडानची मुदत संपली की विमान का थांबतं?

उडान म्हणजे 'उडे देश का आम नागरिक'. ऑक्टोबर २०१६ मध्ये ही योजना जाहीर झाली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली विमानं उडाली, त्यात शिमला-दिल्लीबरोबर आपल्या नांदेडचं हैदराबादला जाणारं विमानही होतं.

योजनेचं गणित असं आहे. छोट्या मार्गावर विमानातल्या साधारण निम्म्या जागा सरकारने ठरवलेल्या कमाल भाड्यात विकायच्या. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये अशी ती मर्यादा होती आणि अंतर वाढलं की ती वाढायची. यातून कंपनीला जो तोटा होईल तो सरकार भरून देणार. त्यातला मोठा हिस्सा केंद्राच्या निधीतून आणि सर्वसाधारणपणे २० टक्के राज्याकडून. शिवाय इंधनावरचा कर कमी आणि विमानतळाच्या आकारात सूट.

मदत मात्र तीनच वर्षांची. एवढ्या काळात प्रवाशांना सवय लागेल, मार्ग आपल्या पायावर उभा राहील, असा विचार त्यामागे होता.

तो किती खरा ठरला? महालेखापालांनी म्हणजे कॅगने २०२३ मध्ये उडानचा लेखाजोखा संसदेपुढे ठेवला. उडानच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले गेले होते. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांपैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिलेले मार्ग होते ५४. दिलेल्या शंभर मार्गांमागे सात.

म्हणजे चिपीचं झालं ते जगावेगळं नाही. टेकू काढल्यावर पडणं हेच या योजनेत जास्त वेळा घडलं आहे. प्रश्न असा की जे सात टिकले आणि जे पडले, त्यांच्यात फरक कशाचा?

कारणं अनेक आहेत. पण अंतराच्या बाजूने पाहिलं तर छोट्या विमानतळाचं नशीब दोन आकडे ठरवतात. मोठ्या शहरापासूनचं अंतर आणि शेजारच्या विमानतळापासूनचं अंतर.

पहिलं अंतर: मोठं शहर फार जवळ असलं तर?

यासाठी कोकण थोडं बाजूला ठेवून कल्याणहून कसाऱ्याच्या दिशेने जाऊ. तिकडे दोन छोटे विमानतळ आहेत. एक नाशिकजवळ ओझरला, जिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना आहे. दुसरा शिर्डीचा, कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात. त्याचं उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी केलं. या दोघांमधलं हवाई अंतर साधारण ६८ किलोमीटर आणि रस्त्याने नव्वद ते शंभर.

मुंबई ते ओझर हवाई अंतर साधारण १५८ किलोमीटर. मुंबई ते शिर्डी विमानतळ साधारण १७२. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने उडानखाली १९ आसनी विमानांनी नाशिक आणि जळगाव जोडायला सुरुवात केली. ती कंपनी टिकली नाही, २०२० मध्ये तिचं काम थांबलं. शिर्डीलाही मुंबईहून विमान सुरू झालं होतं. पण शिर्डी विमानतळ मोठा झाला तो हैदराबाद, चेन्नई, बेंगळुरू, दिल्ली अशा लांबून येणाऱ्या भाविकांमुळे.

कारण साधं आहे. कल्याणच्या माणसाला नाशिकला जायचं असेल तर तो आधी उलट दिशेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर मुंबईच्या विमानतळावर जाईल का? तो तिथे पोहोचून सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभा राहील तोपर्यंत गाडीने निघालेला माणूस कसारा घाट चढून इगतपुरीला चहा पीत असेल.

आता तर रस्त्याने आणखी बाजी मारली आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यात, कल्याणपासून जवळच. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गातला नागपूर ते शिर्डी हा भाग ५२० किलोमीटरचा. म्हणजे आमणेपासून शिर्डीच्या फाट्यापर्यंत राहतात १८१ किलोमीटर.

आता हे आकडे शेजारी ठेवून पाहा. मुंबईहून शिर्डीचं हवाई अंतर १७२ किलोमीटर आणि कल्याणच्या दारातून सुटणारा रस्ता १८१ किलोमीटर. रस्ता जवळजवळ आकाशाइतका सरळ झाला की इतक्या कमी अंतरावर विमानाला काम उरत नाही.

या महामार्गाचा पहिला टप्पा, नागपूर ते शिर्डी, खुला झाला तो दिवसही ११ डिसेंबर २०२२. म्हणजे मोपाच्या उद्घाटनाचाच दिवस. एका रस्त्याने आणि एका विमानतळाने महाराष्ट्रातल्या छोट्या विमानतळांचं गणित एकाच दिवशी दोन टोकांनी बदललं.

ढोबळ नियम असा सांगता येईल. दोनशे किलोमीटरच्या आत विमान बहुधा हरतं. साडेतीनशे-पाचशे किलोमीटरवर, विशेषतः रस्ता वाईट असेल तर, विमानाला संधी असते. मुंबई ते चिपी हवाई अंतर साधारण ३५० किलोमीटर आहे. कल्याणहून कुडाळला रस्त्याने जायचं तर साडेचारशेच्या वर, तेही मुंबई-गोवा महामार्गाने, ज्याचं चौपदरीकरण दहा वर्षांहून जास्त काळ रखडलं. पहिल्या अंतराच्या परीक्षेत चिपी उत्तीर्ण होतं. ते अडकलं दुसऱ्या परीक्षेत.

दुसरं अंतर: शेजारचा विमानतळ जवळ असला तर?

समजा तुमचं गाव कुडाळजवळ आहे. चिपीहून कुडाळ साधारण २५ किलोमीटर. मोपाहून साधारण ५०. चिपी निम्म्या अंतरावर आहे. मग प्रवाशाने चिपीलाच यायला हवं.

पण प्रवासी किलोमीटर मोजत नाही, तो वेळ आणि खात्री मोजतो. चिपीला दिवसाला एक विमान. ते चुकलं, उशिरा आलं किंवा पावसाळी ढगांमुळे रद्द झालं, तर दुसरं उद्या. फेऱ्या रद्द होण्याच्या तक्रारी प्रवासी सतत करत होते. मोपाला सकाळचं चुकलं तर दुपारचं, एका कंपनीचं महाग असलं तर दुसरीचं. आणि मोपाहून महामार्गाने कुडाळला यायला जास्तीचा फार तर अर्धा-पाऊण तास.

म्हणजे २५ किलोमीटर जवळ असण्याचा फायदा दिवसात जास्त विमानं असण्यापुढे टिकला नाही. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या भागाला तर मोपाच जवळ. मालवण, परुळे, देवबाग ही बाजू चिपीची हक्काची. पण तेवढ्या भागातून रोज सत्तर आसनं दोन्ही बाजूंनी भरायची, तीही गणपती-मे महिना सोडून वर्षभर, हे अवघड आहे.

अडचण मुंबईच्या बाजूनेही आहे. मुंबईच्या विमानतळावर एका वेळी एकच धावपट्टी वापरता येते, कारण दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. उड्डाणाची एकेक वेळ, ज्याला 'स्लॉट' म्हणतात, सोन्याच्या भावाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दी कमी करण्यासाठी तिथल्या गर्दीच्या वेळच्या तासाच्या फेऱ्या ४६ वरून ४४ वर आणल्या गेल्या. एक स्लॉट सत्तर आसनी विमानालाही तितकाच लागतो जितका एकशे ऐंशी आसनी विमानाला. मग कंपनी तो चिपीला देईल की मोपाला? कंपनीच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, हे सांगायची गरज नाही.

कल्याणहून घर ते घर हिशेब कसा बसतो?

हवाई अंतराचा आकडा फसवा का, ते इथे कळतं. कल्याणहून कुडाळजवळच्या घरी चिपीमार्गे जायचं तर ढोबळ वेळ असा लागायचा:

- कल्याण ते मुंबई विमानतळ: दीड ते दोन तास
- चेक-इन, तपासणी, प्रतीक्षा: दीड ते दोन तास
- हवेत: सव्वा तास
- उतरून सामान घेऊन बाहेर येणं: अर्धा तास
- विमानतळ ते घर: पाऊण ते एक तास

बेरीज साडेपाच ते पावणेसात तास. त्यात विमान हवेत असतं फक्त सव्वा तास. बाकीचा वेळ आपण जमिनीवरच असतो.

मोपामार्गे गेलात तर शेवटच्या ओळीत अर्धा-पाऊण तास वाढतो. आकाशातलं अंतर ३५० ऐवजी साधारण ३८७ किलोमीटर होतं, म्हणजे पाचेक मिनिटं जास्त. रेल्वेने ठाणे किंवा पनवेल गाठून कुडाळला उतरायचं तर एकूण नऊ ते अकरा तास आणि तिकीट विमानाच्या कितीतरी कमी. रस्त्याने दहा-बारा तास, गणपतीत त्याहून कितीही.

म्हणजे विमानाने चार-पाच तास वाचतात, हे खरं. पण चौघांचं कुटुंब, सोबत मखराचं सामान, आणि विमानतळापासून वाडीपर्यंत रिक्षा किंवा गाडीचं भाडं, असा सगळा खर्च मांडला की बहुतेक घरं रेल्वेच्या रांगेतच उभी राहतात. विमान उपयोगी पडतं ते गावी अचानक कुणी आजारी पडलं, अंत्यविधीला पोहोचायचं आहे, शनिवार-रविवारचीच रजा आहे, अशा वेळी. आणि नेमक्या अशा वेळी खात्रीचं विमान लागतं. रोज एकच फेरी असलेला मार्ग ती खात्री देऊ शकत नाही.

दोन विमानतळ इतके जवळ बांधायला परवानगी कशी मिळते?

२००८ च्या धोरणानुसार, चालू नागरी विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवा विमानतळ बांधायचा असेल तर सरसकट परवानगी मिळत नाही. जुन्या विमानतळावर काय परिणाम होईल ते तपासून केंद्र सरकार प्रत्येक प्रस्तावावर वेगळा निर्णय घेतं. म्हणजे १५० किलोमीटर ही भिंत नाही. ते फाटक आहे, कारण पटलं की उघडतं.

मोपाबाबत कारण होतं. गोव्यातला दाभोळी विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, तिथे नागरी विमानांना मर्यादा होत्या. नवी मुंबईबाबत तर आणखी मोठं कारण होतं. मुंबईचा जुना विमानतळ आणि नवी मुंबईचा नवा यांच्यात हवाई अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. पण जुन्यात जागाच उरली नव्हती.

या गोष्टीत कल्याणचंही एक पान आहे. कल्याण-मलंगगड रस्त्यावर नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली होती. नवी मुंबईच्या जागेवर खारफुटी आणि नदीचे प्रश्न निघाले तेव्हा, २०१० च्या सुमारास, पर्याय म्हणून कल्याणच्या या जागेचं नाव केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडून पुढे आलं होतं. ते मागे पडलं. पुढे २२ जून २०१७ रोजी याच जमिनीवर नौदलाच्या कुंपणाच्या कामावरून शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, गाड्या जळाल्या, पोलीस आणि आंदोलक जखमी झाले. महायुद्धासाठी घेतलेली जमीन परत मिळावी, हे तिथल्या गावांचं म्हणणं आजही आहे. विमानतळाची जागा नकाशावर दिसते तेवढी मोकळी नसते, हे नेवाळीपेक्षा चांगलं कुणी सांगू शकणार नाही.

नवी मुंबईच्या विमानतळाने चिपीला काही फायदा?

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली. कल्याण-डोंबिवलीहून शिळफाटा, तळोजामार्गे तो साधारण ३५ ते ४० किलोमीटर. मुंबई विमानतळाच्या तुलनेत अंतरात फार फरक नाही, पण पश्चिम द्रुतगती महामार्गाची कोंडी टळते. शिळफाट्याची कोंडी मात्र वाट्याला येते, हे रोज तिथून जाणाऱ्यांना सांगायला नको.

खरा फरक स्लॉटचा आहे. नव्या विमानतळावर छोट्या विमानांसाठी जागा काढणं मुंबईपेक्षा सोपं जाऊ शकतं. कल्याण, डोंबिवली, पनवेल, नवी मुंबई या पट्ट्यात कोकणातली लाखो माणसं राहतात. चिपीसाठी प्रवासी सांताक्रूझपेक्षा इकडे जास्त जवळ आहेत. म्हणून चिपीचं विमान पुन्हा सुरू करा, ही मागणी करताना ते कुठून सुरू करा, हेही सांगायला हवं.

पण तेवढ्याने दुसरं अंतर बदलत नाही. मोपा तिथेच राहणार आहे, ४६ किलोमीटरवर. नुसत्या अनुदानाने पुन्हा तीन वर्षं विमान उडवता येईल. चौथ्या वर्षी काय, हा प्रश्न तसाच राहील. चिपीला टिकायचं असेल तर तीन गोष्टी लागतील. वेळापत्रक असं हवं की सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता यावं. विमानतळाच्या दारातून कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्यासाठी विमानाच्या वेळेला जोडलेली एसटी हवी. आणि मुंबईशिवाय इतर शहरांचे मार्ग हवेत, कारण शिर्डी तगली ती लांबच्या प्रवाशांवर.

हे झालं नाही तर नुकसान फक्त गणपतीला जाणाऱ्यांचं नाही. सिंधुदुर्गातला माणूस मोठ्या आजारात आधीच गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाकडे धाव घेतो, नोकरीसाठी गोव्यात जातो. आता विमानासाठीही तिकडेच जातो. ज्या गावांनी आपलं पठार धावपट्टीसाठी दिलं, त्यांच्या डोक्यावरून मोपाची विमानं जाणार आणि खालची धावपट्टी वाट पाहत राहणार.

तिकीट काढण्याआधी काय पाहायचं?

गावच्या ग्रुपवर हा प्रश्न पुन्हा आला तर चार गोष्टी तपासा. पहिली, चिपीचं त्या दिवसाचं वेळापत्रक कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा, जुन्या बातमीवर किंवा फॉरवर्डवर विसंबू नका. दुसरी, मोपाच्या तिकिटात गावापर्यंतच्या गाडीचं भाडं मिळवा, मगच स्वस्त-महाग ठरवा. तिसरी, गाव सावंतवाडीच्या दक्षिणेला असेल तर चिपीचा विचार करायचं कारणच नाही, आणि मालवणच्या बाजूला असेल तर मोपाहून परतीचे दोन तास हिशेबात धरा. चौथी, विमान मुंबईहून आहे की नवी मुंबईहून, हे तिकिटावर नीट वाचा. कल्याणहून हे दोन रस्ते वेगळ्या दिशेला जातात आणि पहाटे साडेचारला ही चूक लक्षात आली तर फार उशीर झालेला असतो.